ऑनलाइन लिलाव आणि चोरीचा माल

(मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळांमुळे चोरीचा माल विकणे सोपे झाले आहे काय, हा आजचा प्रश्न आहे. ‘होय’ असे एका शब्दात उत्तर देता येईल; पण तेवढ्याने आपल्या हाती काही लागत नाही. नेमके काय सोपे झाले, कशामुळे झाले, आणि आपल्या हेखलातील सेफेर तोरांच्या चांदीशी त्याचा काय संबंध, हे मी क्रमाने मांडतो.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे कतारची राजधानी दोहा येथे होतो. तेथील बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत. करार संपला की थोड्या दिवसांत बिऱ्हाड मोडावे लागते. पलंग, शीतकपाट, सायकल, फोन, सारे विकून माणूस मायदेशी निघतो. त्यामुळे वापरलेल्या वस्तूंची ऑनलाइन विक्री ही तेथे प्रामाणिक माणसाची रोजची गरज आहे. ‘देश सोडत आहे, तातडीने विकणे आहे’ अशी जाहिरात मुंबईत वाचली तर आपण दोनदा विचार करू. दोह्यात ती कोणाला खटकत नाही. प्रामाणिक माणसांच्या या घाईतच चोराला आडोसा मिळतो.

पण त्याच शहरात मोटारगाडीची गोष्ट वेगळी आहे. गाडीची नोंदणी, तिला तेथे ‘इस्तिमारा’ म्हणतात, वाहतूक खात्यामार्फत नव्या मालकाच्या नावे झाल्याशिवाय विक्री पुरी होत नाही. म्हणून चोरलेली गाडी खपवणे कठीण, चोरलेली सायकल खपवणे सोपे. आणखी एक उदाहरण पाहा. कतारचे गृहखाते वाहनांच्या आकर्षक क्रमांकांचा लिलाव ‘सूम’ नावाच्या अ‍ॅपवर करते. विक्रेता खुद्द सरकार, बोली लावणाऱ्याची ओळख पटलेली, अनामत रक्कम आधी भरलेली. तोही ऑनलाइन लिलावच. पण तेथे चोरीच्या मालाला वाव नाही. तेव्हा दोष संगणकाचा नव्हे आणि लिलावाचाही नव्हे. विकणारा कोण आणि वस्तू त्याच्याकडे कोठून आली, हे न विचारता व्यवहार पुरा होतो, तेथे वाट मोकळी होते.

पूर्वी चोराला माल खपवण्यासाठी मध्यस्थ लागे. तो निम्म्याहून अधिक किंमत कापून घेई, आणि पोलिसांना तो ठाऊक असे. मुंबईच्या चोरबाजारातही गिऱ्हाईक दुकानदाराचा चेहरा पाही. संकेतस्थळाने हा मध्यस्थ काढून टाकला. शिवाय घेणारा हजार मैल दूर असतो, आणि वस्तू एकेक करून, थोड्याथोड्या किमतीला विकता येते. त्यामुळे गवगवा होत नाही.

ब्रिटिश म्युझियमचे प्रकरण याचा नमुना आहे. सुमारे २,००० वस्तू नाहीशा झाल्याचे किंवा त्यांची मोडतोड झाल्याचे २०२३ साली उघड झाले. त्यांत प्राचीन कोरीव रत्ने होती, आणि काही वर्षानुवर्षे ‘ईबे’वर विकली जात होती. इटाय ग्राडेल या अभ्यासकाने ती ओळखून २०२१ मध्येच संग्रहालयाला कळवले होते. तेव्हा त्याचे म्हणणे मानले गेले नाही. यात आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की नाहीशा झालेल्या अनेक वस्तूंची नीट नोंद किंवा छायाचित्र नव्हते. ज्या वस्तूची नोंद नाही, तिची चोरी झाली हे सिद्ध कसे करणार?

आता याची दुसरी बाजू. पूर्वी चोरीची वस्तू एखाद्या धनिकाच्या कपाटात गेली की पिढ्यान्‌पिढ्या दिसत नसे. आज विकण्यासाठी तिचे चित्र जगापुढे मांडावे लागते. रुमानियातील क्लुज या शहरातील यहुदी समाजाच्या हेव्रा कादिशाची एकोणिसाव्या शतकातील नोंदवही, म्हणजे ‘पिंकास’, होलोकॉस्टनंतर हरवली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या एका लिलावगृहाच्या ऑनलाइन यादीत ती दिसली. क्लुजच्या समाजाने हरकत घेताच विक्री थांबली. त्याच वर्षी जुलैत अमेरिकी अधिकाऱ्यांनी रुमानिया, हंगेरी, युक्रेन आणि स्लोव्हाकिया येथील समाजांच्या १७ गुंडाळ्या व हस्तलिखिते जप्त केली. ज्या गावांतील यहुदी मारले गेले, त्यांच्या मृतांची नावे त्या पानांवर होती. ऑनलाइन यादी नसती तर हे कोणाला कळले असते?

हस्तलिखितांच्या अशा व्यापाराविरुद्ध दोह्यातच मोठे काम चालते. कतार नॅशनल लायब्ररी या २०१८ साली रीतसर उघडलेल्या ग्रंथालयाचा ‘हिमाया’, म्हणजे ‘संरक्षण’, नावाचा प्रकल्प आहे. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील हस्तलिखिते व दस्तऐवज चोरीने विकले जाऊ नयेत यासाठी तो काम करतो. नोंद आणि ओळख यांवर अशा कामाची सारी भिस्त असते.

आपल्या शास्त्रांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. चोरी करणाऱ्या उंदरापेक्षा त्याला आसरा देणाऱ्या बिळाकडे तालमूद बोट दाखवतो. चोराला गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो चोरी करणार नाही, म्हणून चोरीचा माल घेणे हे मोठे पाप, असे रांबाम सांगतात. बाबा कामाच्या दहाव्या अध्यायातील मिश्ना मेंढपाळाकडून लोकर, दूध किंवा करडे घेण्यास मनाई करते, कारण ती धन्याची असण्याचा संभव असतो. आणि विकणारा ‘लपवून ठेवा’ म्हणाला, तर कोणतीही वस्तू घेऊ नये असे बजावते. त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. आपली भांडी किंवा पुस्तके दुसऱ्याच्या हाती ओळखली, आणि चोरीची वार्ता गावात आधीच पसरलेली असेल, तर घेणाऱ्याने किती पैसे दिले ते शपथेवर सांगावे. तेवढे देऊन धन्याने आपली वस्तू परत घ्यावी. वार्ता पसरलेली नसेल, तर धन्याचा दावा टिकत नाही. त्याने स्वतःच ती विकली असेल असे मानले जाते. निष्पाप गिऱ्हाईक बुडू नये आणि धन्यालाही वस्तू मिळावी, असा हा तोल आहे. मात्र त्याची अट एकच: चोरी वेळीच जाहीर झालेली असावी.

भारतीय कायदा घेणाऱ्याशी अधिक कठोर आहे. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सहसा घेणाऱ्याला मिळत नाही. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा घेताना काय करावे? मूळ पावती मागावी. जुना फोन घेताना ‘स्टार हॅश ०६ हॅश’ दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तो तपासावा. भाव अवाजवी स्वस्त असेल आणि विकणारा ओळख देण्याचे टाळत असेल, तर मिश्नातील ‘लपवून ठेवा’ हे शब्द आठवावेत.

आणि समाज म्हणून? कोकणातील आपल्या अनेक सिनेगॉगांत आज मिन्यान जमणे कठीण झाले आहे. कुटुंबे इस्राएलला गेली. चांदीचे रिम्मोनीम, जुन्या केथुबा, पूर्वजांनी छापलेल्या मराठी हग्गादा मागे राहिल्या. यांतील एखादी वस्तू उद्या परदेशातील यादीत दिसली, तर ती आमची आहे हे आपण कशाच्या आधारे सांगणार? ‘आमच्या आजोबांनी दिली होती’ हे न्यायालयात पुरत नाही. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी छायाचित्र, वजन, माप, कोरलेला लेख आणि देणगीदाराचे नाव एका वहीत उतरवावे. वहीची एक प्रत सिनेगॉगबाहेर ठेवावी. वस्तू नाहीशी झाल्यास त्याच दिवशी छायाचित्रासह पोलिसांत तक्रार द्यावी आणि ती इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या कलावस्तूंच्या सूचीत जावी असा आग्रह धरावा. ती सूची ‘आयडी-आर्ट’ या मोफत अ‍ॅपवर कोणालाही पाहता येते. वार्ता गावात पसरवणे म्हणजे आज हेच.

तिश्रीच्या सणांपूर्वी आपण चांदी उजळण्यासाठी बाहेर काढतो. यंदा गब्बाय आणि मुकादम यांनी त्या वेळी दोन तरुणांना कॅमेरा, तराजू आणि वही घेऊन बोलवावे, एवढीच माझी विनंती आहे. एका दुपारचे काम आहे.