लिहिलेले कोठे गेले?

टेबलावरच्या एकट्या संगणकात फाईल लिहिली गेली नाही, तर दोष शोधण्याचे क्षेत्र मर्यादित असते. डिस्क भरलेली असते, ती बिघडलेली असते किंवा लिहिण्याची परवानगी नसते. परंतु एकाच फाईलचे भाग अनेक यंत्रांवर विभागून ठेवणाऱ्या साठवण-प्रणालीत हा शोध इतका सोपा राहत नाही. तेथे लेखनाची आज्ञा अनेक हातांतून जाते आणि त्यांपैकी कोणताही हात तिला अडवू शकतो.

‘सेफ’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत केलेल्या संशोधनातून ती निर्माण झाली. तिचे वर्णन करणारा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. या प्रणालीत फाईलचे सामान्यतः ४ मेगाबाइटचे तुकडे केले जातात व प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे ३ प्रती वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवल्या जातात. लिहिणारा संगणक तुकडा प्रमुख प्रतीच्या डिस्ककडे धाडतो. ती तो इतर दोघींकडे पाठवते आणि उपलब्ध असलेल्या सर्व प्रती लिहून झाल्या म्हणजेच ‘झाले’ असे उत्तर परत येते. हा मार्ग ध्यानात ठेवला, तर दोष कोठे आहे हे लक्षणावरून बरेचसे ओळखता येते.

पहिले लक्षण म्हणजे स्पष्ट नकार. परवानगी नसल्याचा संदेश आला, तर त्या संगणकाला दिलेले अधिकार तपासावेत. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश मात्र पुष्कळदा बुचकळ्यात टाकतो, कारण एकूण साठा अर्धा रिकामा दिसत असतो. समजा, १२ डिस्कांपैकी ११ डिस्का ६० टक्के भरल्या आहेत आणि एकच ९५ टक्क्यांवर पोहोचली आहे. मूळ मांडणीनुसार ८५ टक्क्यांवर इशारा मिळतो आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबते. त्यासाठी एकच डिस्क भरली तरी पुरते. कोणता तुकडा कोठे जाईल हे गणिताने ठरते. लिहिणाऱ्याला सोयीची रिकामी डिस्क निवडता येत नाही. म्हणून सरासरी न पाहता ‘सेफ ओएसडी डीएफ’ या आज्ञेने प्रत्येक डिस्कची स्थिती पाहावी. नको असलेल्या फाईली काढून टाकणे, नव्या डिस्का जोडणे किंवा भार सारखा वाटणे, हे यावरील उपाय होत.

दुसरे लक्षण मौनाचे. प्रोग्राम चुकीचा संदेश देत नाही आणि पुढेही सरकत नाही. ३ प्रतींच्या मांडणीत लेखन स्वीकारण्यासाठी किमान २ प्रती उपलब्ध असाव्या लागतात. दोन डिस्का एकाच वेळी बंद पडल्या, तर ज्या तुकड्यांच्या प्रती त्या दोहोंवर होत्या, त्यांचे लेखन खोळंबून राहते. ‘सेफ हेल्थ डीटेल’ ही आज्ञा कोणत्या डिस्का बंद आहेत ते सांगते. अशा वेळी किमान संख्या २ वरून १ वर आणण्याचा मोह होतो. काम तत्काळ सुरू होते खरे. परंतु त्या क्षणापासून नवा मजकूर एकाच डिस्कच्या भरवशावर असतो. तीही गेली, तर त्याची दुसरी प्रत कोठेच नसते. येथे प्रणालीचे थांबणे हा दोष नव्हे; तो एक पहारा आहे. उठवायची असते ती बंद पडलेली डिस्क.

तिसरे लक्षण सर्वांत घातक, कारण ते प्रथम यशासारखे दिसते. प्रोग्रामने लिहिलेला मजकूर आधी त्याच संगणकाच्या स्मृतीत साठतो आणि प्रोग्रामला ‘झाले’ असे कळते. डिस्ककडे मजकूर नंतर जातो. मधल्या काळात डिस्क भरली, तर तो पोहोचत नाही. नेटवर्क तुटून संगणक ३०० सेकंद निरुत्तर राहिला, तर प्रणाली त्याचे नाव बहिष्कृतांच्या यादीत घालते. मग परत आल्यावरही त्याचे लेखन नाकारले जाते आणि स्मृतीत अडकलेला मजकूर नष्ट होतो. फाईल बंद करताना यशाचे उत्तर मिळाले, तरी तेवढ्याने खात्री होत नाही. ‘एफसिंक’ या आज्ञेने मजकूर डिस्कपर्यंत पोहोचवण्यास सांगावे, तिचे उत्तर येईपर्यंत थांबावे आणि ते उत्तर वाचावे. अनेक प्रोग्राम नेमके एवढेच करत नाहीत.

तात्पर्य, दोष शोधणाऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारावा: ‘झाले’ असे नेमके कोणी सांगितले? स्मृतीने सांगितले असेल, तर मजकूर अद्याप वाटेवर आहे. डिस्कांनी सांगितले असेल, तरच तो पोहोचला असे समजावे. हा भेद ओळखेपर्यंत मूळ प्रत पुसून टाकू नये. कारण हरवलेला मजकूर परत मिळवण्याचा तोच एक आधार उरलेला असू शकतो.