मोगली बघताना आजीचे डोळे का भरायचे?

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात आधी मुलं टीव्हीपुढे बसायची. मग ‘काय हा पोरखेळ!’ म्हणत आजीही पुढे सरकायची.

ही चित्रमालिका १९८९ सालची, जपानमध्ये बनलेली. हिंदीत शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं. पण आजीला खिळवायचं ते वेगळंच. आम्ही बघायचो मोगलीच्या उड्या. ती बघायची त्याची लांडगीण आई. दुसऱ्याचं लेकरू पोटच्यासारखं वाढवलं, मोठं होऊन ते माणसांत निघून गेलं तर? तीन लेकी सासरी पाठवलेल्या आजीला हे बरोबर कळायचं.

गोष्ट एकच, पण ज्याचं जसं वय, तशी ती दिसते. आज आईबाबांना विचारा बरं, त्यांना मोगलीतलं कोण आवडायचं?