डिंभ्याचा काठ : आपल्या तालुक्यातलं मासेमारीचं बंदर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'मासेमारी' म्हटलं की मुलं वहीत समुद्र काढतात. पण आंबेगाव तालुक्यात समुद्र नसतानाही मासेमारी चालते, ती डिंभे धरणाच्या जलाशयात. परिसर अभ्यासासाठी यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं?

धरण कशासाठी?
डिंभे धरण घोड नदीवर आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. या पाण्यावर खालच्या भागातली शेती बागायती झाली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना हुतात्मा झाला.

पाण्याखाली काय गेलं?
ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. आज तालुक्याचं ठिकाण घोडेगाव आहे. वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरंही बुडाली. इथे मुलांचा एक गोंधळ दूर करा. किनाऱ्यावरचे सोनकोळी दर्यावर जगतात, महादेव कोळी मात्र डोंगरातले शेतकरी. त्यामुळे जमीन गेल्यावर जलाशयात होडी घालणं हा त्यांच्यासाठी नवा धंदा होता.

नवा धंदा कसा उभा राहिला?
'शाश्वत' संस्थेच्या साथीने आदिवासी मच्छीमारांची सहकारी सोसायटी झाली. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायचं, मासे वाढू द्यायचे, मग जाळी टाकायची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची. या कामांसाठी 'शाश्वत'ला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या बंदराला पक्का धक्का नाही. पाणी खाली गेलं की काठही सरकतो, आणि होडी लावायची जागाही. म्हणून इथला वारसा इमारतींपेक्षा माणसांच्या आठवणीत आणि हातातल्या कसबात जास्त आहे.

वर्गात काय करता येईल?
1. आजी-आजोबांना विचारून बुडालेल्या गावाचा नकाशा काढा.
2. जाळं, होडी, मासे यांचे स्थानिक शब्द वहीत लिहा.
3. 'धरणाने कोणाला काय दिलं, कोणाचं काय गेलं?' यावर दोन्ही बाजूंनी चर्चा घ्या.

जुनं गाव पाहिलेली पिढी आता थकत चाललीय. हा उपक्रम याच वर्षी घ्या. मुलांना काठावर न्याल तेव्हा मोठी माणसं सोबत हवीतच.