येससाँग्ज

‘येस’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा, प्रत्यक्ष कार्यक्रमांतून ध्वनिमुद्रित केलेला तीन तबकड्यांचा संच. अटलांटिक या कंपनीने तो मे १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ध्वनिमुद्रणे १९७२ मधील दौऱ्यांतील असून एकूण वादनकाल सु. १३० मिनिटे आहे. वेष्टनावरील चित्रे रॉजर डीन यांची आहेत.

येसची स्थापना १९६८ मध्ये लंडन येथे झाली. दीर्घ, अनेक विभागांत बांधलेल्या रचना, विषम मात्रांचे ताल व पाश्चात्त्य अभिजात संगीताचा संस्कार ही ज्याची लक्षणे, त्या प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारात तो अग्रगण्य ठरला. अशा रचना पुष्कळदा स्टुडिओतच आकार घेत. ‘क्लोज टू द एज’ (१९७२) ही सु. १८ मिनिटांची रचना तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित झाली आणि ध्वनिफितीचे ते तुकडे ध्वनिअभियंते एडी ऑफर्ड यांनी नंतर सांधले. साहजिकच हे संगीत श्रोत्यांसमोर सलग वाजविता येईल काय, हा प्रश्न होता. येससाँग्जमध्ये ही रचना आरंभापासून अखेरपर्यंत सादर झाली आहे. संचाचे महत्त्व प्रामुख्याने यात आहे.

ही कसोटी आणखी एका कारणाने अवघड होती. जुलै १९७२ मध्ये ड्रमवादक बिल ब्रूफर्ड हे ‘किंग क्रिम्झन’ या वाद्यवृंदात गेले. त्यांच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइट (१९४९–२०२२) यांना दौऱ्यापूर्वी तयारीसाठी अवघे काही दिवस मिळाले. संचात दोघांचेही वादन आहे. ‘पर्पेच्युअल चेंज’मधील ब्रूफर्ड यांचे वादन जॅझच्या वळणाचे, नेमके व चपळ आहे, इतरत्र व्हाइट यांचा आघात अधिक वजनदार असून त्यामुळे मूळ रचनांना वेगळाच जोर येतो.

प्रारंभी स्ट्राव्हिन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’चा अंश ध्वनिफितीवरून ऐकू येतो व त्यातूनच ‘सायबेरियन खात्रू’ सुरू होते. ‘योर्ज इज नो डिसग्रेस’ ही स्टुडिओतील सु. साडेनऊ मिनिटांची रचना येथे स्टीव्ह हाउ यांच्या गिटारवादनाने चौदा मिनिटांवर जाते. रिक वेकमन यांचे स्वतंत्र कीबोर्डवादन, क्रिस स्क्वायर यांची ठसठशीत बेस गिटार व जॉन अँडरसन यांचा उंच पट्टीतील स्वर यांनाही पुरेसा वाव मिळाला आहे.

ध्वनी काही ठिकाणी गढूळ असून वाद्ये एकमेकांत मिसळतात, हा संचाचा मुख्य दोष. तथापि ब्रिटनच्या विक्रीक्रमात तो सातव्या व अमेरिकेत बाराव्या स्थानी पोहोचला. १९७२ मधील सात संपूर्ण कार्यक्रम ‘प्रोजेनी’ या नावाने २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्याने या दौऱ्याचा तौलनिक अभ्यास शक्य झाला आहे.