उरलेले सुटे भाग: माल की अडगळ? मॉडेल किटच्या स्पेअर्सची घरच्या घरी मांडणी



टिटवाळ्यात किंवा आसपास राहून, घरातूनच स्केल मॉडेलची कामं घेणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. तुमच्यापैकी कुणी विमानं आणि रणगाडे बांधून देतं, कुणी रेल्वेच्या मांडणीसाठी स्टेशन आणि सिग्नल बनवतं, तर कुणी शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा गणपतीच्या देखाव्यासाठी छोटे सीन उभे करतं. काम कुठलंही असो, प्रत्येकाच्या घरी उरलेल्या भागांनी भरलेला एक बुटांचा खोका असतोच. त्यातलं काही टाकवत नाही आणि हवं ते सापडतही नाही.

साधा हिशोब करू. दिवसभर मुंबईला नोकरी करून रात्री लोकलने घरी आलात, तर मॉडेलच्या कामाला जेमतेम दीड तास मिळतो. त्यातली २० मिनिटं एक चाक किंवा एक शिडी शोधण्यात गेली आणि महिन्यात २५ दिवस बसलात, तर ५०० मिनिटं झाली. म्हणजे आठ तासांहून जास्त. महिन्याचा एक पूर्ण कामाचा दिवस खोका उपसण्यात जातो आणि त्याचे पैसे ग्राहक देत नाही.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा: जो भाग एका मिनिटात हाताला लागतो, तोच तुमचा माल. बाकीची अडगळ.

हे भाग उरतात कुठून?

बऱ्याच किटमध्ये एकाच साच्यातून दोन-तीन आवृत्त्या बनतात. विमान एकच, पण त्याला क्षेपणास्त्रं वेगळी, चाकं वेगळी, अँटेना वेगळ्या. तुम्ही एक आवृत्ती बांधता, बाकीचे भाग उरतात. किटच्या सूचनापत्रकात बहुतेक वेळा भागांचा नकाशा असतो आणि न वापरायचे भाग त्यात करडे किंवा फुली मारलेले दाखवतात. ते पत्रक टाकू नका. उरलेल्या मालाची यादी कंपनीने आधीच तुम्हाला छापून दिलेली असते.

या भागांना किंमत आहे का? १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातली मोठमोठी अवकाशयानं आठवा. त्यांच्या अंगावरचं बारीक यंत्रकाम बाजारात मिळणाऱ्या रणगाडे, जहाजं आणि विमानांच्या किटमधले भाग चिकटवून केलेलं होतं. या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. आपल्याकडचं बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्यांबरोबर सिग्नल, कुंपणं, दिव्याचे खांब, उड्डाणपूल असं अख्खं गाव आहे. एकदा जाऊन या आणि गाड्यांपेक्षा त्या खांबांकडे जास्त बघा. सीन जिवंत होतो तो अशा किरकोळ वस्तूंनी, आणि नेमक्या त्याच तुमच्या खोक्यात पडून आहेत.

मिसळणाचा डबा आठवा

घरातला मिसळणाचा डबा बघा. मोहरी, जिरं, हळद, तिखट. मोहरी कुठल्या दुकानातून आणली यावर कुणी वाटी ठरवत नाही. फोडणीला काय लागतं, यावर वाट्या ठरतात.

मॉडेलवाले नेमकी इथे गडबड करतात. "हे त्या जीपच्या किटचं, हे त्या हेलिकॉप्टरचं," असं करून प्रत्येक किटची वेगळी पिशवी ठेवतात. सहा महिन्यांनी शिडी हवी असते, तेव्हा ती कुठल्या किटमध्ये आली होती हे कुणाला आठवणार? त्यामुळे भाग कामाप्रमाणे लावा:

१. चाकं आणि टायर
२. माणसं, हात, डोकी, टोप्या
३. शस्त्रं आणि अवजारं
४. शिड्या, कठडे, जाळ्या
५. डबे, पिंपं, पेट्या, पिशव्या
६. पारदर्शक भाग: काचा, दिवे
७. पाइप, पट्ट्या, बारीक यंत्रकाम

सुरुवातीला सात कप्पे पुरतात. पहिल्याच दिवशी चाळीस कप्पे केलेत, तर भाग परत जागेवर ठेवायचा कंटाळा येतो आणि पुन्हा सगळं एका खोक्यात जमा होतं.

स्केल कुठे पाहायचं, कुठे नाही

माणसं आणि शस्त्रं स्केलप्रमाणे वेगळी ठेवायलाच हवीत. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:३५मध्ये जवळपास ४.९ सेंटिमीटर होतो, १:७२मध्ये २.४ आणि १:८७मध्ये जेमतेम २. या तिघांच्या टोप्या एकत्र पडल्या की निवडताना डोळे दुखतात.

पण चाकं, पाइप, पेट्या यांना स्केलमध्ये अडकवू नका. एक मीटर व्यासाचं ट्रकचं चाक १:७२मध्ये सुमारे १४ मिलिमीटर असतं. तेच चाक १:३५च्या सीनमध्ये ठेवलं, तर ते अर्ध्या मीटरचं दिसतं. म्हणजे फेरीवाल्याच्या गाडीला चालून जातं! म्हणून चाकांवर स्केल लिहिण्यापेक्षा मिलिमीटरमध्ये व्यास लिहा.

चौकटीतून सगळं कापू नका

किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिला स्प्रू म्हणतात. भागाजवळ त्याचा नंबर असतो. उरलेला भाग सुटा करण्यापेक्षा चौकटीचा तेवढाच तुकडा नंबरासकट कापून ठेवा. नाजूक भाग मोडत नाही, हरवत नाही आणि पत्रकावरून तो कशाचा आहे हे लगेच कळतं. रिकामी चौकटही थोडी ठेवा. मेणबत्तीच्या आचेवर जरा लांबून धरून, मऊ झाली की ताणली, तर तिची बारीक तार होते. अँटेना आणि विजेच्या तारांसाठी ती उपयोगी पडते. मात्र हे काम खिडकी उघडी ठेवून आणि लहान मुलांना लांब ठेवूनच करा.

आपल्या हवेत काय सांभाळायचं

काळू नदीकाठचं आपलं गाव. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तेव्हा:

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चित्रं, सपाट ठेवा. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. दमट हवेत ही पहिली खराब होतात.

मऊ टायर कडक प्लॅस्टिकच्या भागांना टेकू देऊ नका. मऊ व्हिनाइलमधला तेलकट घटक हळूहळू बाहेर येतो आणि शेजारचं पॉलिस्टायरीन वितळवतो. वर्षभराने डबा उघडलात, तर टायर रिमला चिकटून बसलेला दिसेल.

पारदर्शक भाग एकेक करून छोट्या पिशवीत ठेवा. ओरखडा पडला की काच बाद. सुपरग्लू जवळ ठेवू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते.

पत्र्याखालचा माळा टाळा. उन्हाळ्यात तिथे पातळ भाग वाकतात. पलंगाखालचा कोरडा कप्पा त्यापेक्षा बरा, फक्त डबा थेट फरशीवर ठेवू नका.

डब्यांवर मोठा खर्च करायची गरज नाही. शिंप्याकडे बटणांसाठी असतो तसा कप्प्यांचा पारदर्शक डबा घ्या. झाकण न उघडता आतलं दिसलं पाहिजे, एवढं बघा. बाहेर चिठ्ठी लावा आणि वरून पारदर्शक टेप मारा, नाहीतर शाई पसरते आणि कसर कागद खाते.

फुकट समजू नका

आता पैशांचं बोलू. समजा, २,५०० रुपयांच्या किटचे पूर्ण पैसे पहिल्या ग्राहकाकडून वसूल झाले आणि काही भाग उरले. पुढच्या कामात त्यातली शिडी वापरली, तर बिलात तिचे किती लावाल? बरेच जण शून्य लावतात, कारण "पडूनच होती". पण ती नसती, तर तुम्हाला नवीन घ्यावी लागली असती, बनवत बसावं लागलं असतं किंवा मुंबईला जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये काढावे लागले असते. शिवाय ती सांभाळायला जागा आणि वेळ गेलाच आहे. म्हणून प्रत्येक कप्प्यासाठी एक ठरावीक दर ठरवा, अगदी १० किंवा २० रुपये का होईना, आणि कोटेशनमध्ये 'सुटे भाग' अशी वेगळी ओळ ठेवा. ग्राहकालाही कळतं की बारीक कामाला किंमत आहे.

काय टाकायचं?

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, सगळे कप्पे उघडा. एकाच प्रकारचे दहाच्या वर भाग असतील, तर दहा ठेवा. बाकीचे पिशव्या भरून नवशिक्यांना स्वस्तात विका किंवा मुलांना किल्ल्यासाठी द्या. मोडलेली विमानं मात्र लगेच टाकू नका, आधी त्यांची चाकं आणि काचा काढून घ्या. घर लहान आहे आणि त्या जागेवर घरच्यांचाही हक्क आहे. तुमचा माल एका कपाटात मावला, तर घरातून पाठिंबाही टिकतो.

या आठवड्याचं काम

रविवारी दोन तास काढा. खोका चादरीवर पालथा करा, सात ढीग लावा आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावा. मग घरातल्या कुणालाही एका भागाचं नाव सांगून तो आणायला सांगा. त्यांना एका मिनिटात सापडला, तर मांडणी जमली. नाही सापडला, तर कप्प्याचं नाव बदला. किती सेकंद लागले ते कमेंटमध्ये नक्की लिहा.

भेटूया पुढच्या लेखात. कामाला लागा!