‘दिस्सी’च्या शेजारी ‘दिचेस्ती’ कशी?

भविष्यकाळातली ‘आन्द्रो’, ‘वेर्रो’ ही आखडलेली रूपे आज घ्यायची होती, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गेल्या लेखांकात पास्सातो रेमोतोचा, म्हणजे दूरच्या भूतकाळाचा तक्ता दिला होता. त्यावर गोव्याहून एक प्रश्न आला आहे आणि तो इतका नेमका आहे की त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे. विचारणाऱ्यांचे शालेय शिक्षण पोर्तुगीजमधून झाले आहे. ते म्हणतात, ‘सांगणे’ या क्रियापदाचा भूतकाळ पोर्तुगीजमध्ये दिस्से, दिस्सेस्ते, दिस्से, दिस्सेमोस, दिस्सेराम असा चालतो (मी उच्चाराप्रमाणे नव्हे, स्पेलिंगप्रमाणे लिहितो आहे). रूप अनियमित खरे, पण ‘दिस्स्’ हे अंग एकदा धरले की शेवटपर्यंत सुटत नाही. इटालियनही त्याच लॅटिनची लेक. मग तिने ‘मी’ला दिस्सी, ‘तू’ला दिचेस्ती, ‘तो’ला दिस्से, ‘आम्ही’ला दिचेम्मो, ‘तुम्ही’ला दिचेस्ते आणि ‘ते’ला दिस्सेरो अशी फाटाफूट का करावी? एकाच तक्त्यात दोन अंगे ठेवण्यात कसली सोय?

या फाटाफुटीला कडक शिस्त आहे, आणि माझ्या मते इटालियन क्रियापदांचा निम्मा अभ्यास या शिस्तीतच आहे. आधी फक्त घरे पाहा. ‘लिहिणे’ घ्या: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. ‘करणे’ घ्या: फेची, फाचेस्ती, फेचे, फाचेम्मो, फाचेस्ते, फेचेरो. ‘जवळ असणे’ घ्या: एब्बी, आवेस्ती, एब्बे, आवेम्मो, आवेस्ते, एब्बेरो. अंगात होणारा बदल दर वेळी वेगळा आहे. कुठे स्स, कुठे ब्ब, कुठे नुसता स्वर पालटलेला. पण बदल कोणत्या घरात होतो ते पालटत नाही. ‘मी’, ‘तो’ आणि ‘ते’ एका बाजूला, ‘तू’, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ दुसऱ्या बाजूला. घेणे, ठेवणे, पाहणे, वाचणे, जगणे, राहणे, ओळखणे, पिणे, येणे, काहीही काढा, फाळणीची रेघ तिथेच पडते. रेघ ओलांडणारे एकच क्रियापद आहे, ‘एस्सेरे’ (असणे). त्याच्याकडे नंतर येतो. अनागोंदी असती तर ती प्रत्येक क्रियापदात वेगळ्या जागी उसवली असती. डझनावारी क्रियापदे एकाच शिवणीवर उसवतात, त्या अर्थी तिथे शिवण आहे.

ती घातली आघाताने. लॅटिनचा नियम असा की उपान्त्य अवयव जड असेल तर आघात त्याच्यावर, हलका असेल तर त्याच्या आधीच्या अवयवावर. ‘दीक्सी’ आणि ‘दीक्सित्’ या ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपांत आघात ‘दी’वर, म्हणजे अंगावर पडतो. ‘दीक्सिस्ती’ आणि ‘दीक्सिस्तिस्’ या ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत ‘सिस्’ हा अवयव जड आहे, म्हणून आघात तिथे सरकतो, अंग उघडे पडते. ‘ते’चे रूप जरा अवघड आहे. ग्रंथांतल्या ‘दीक्सेरुन्त्’मध्ये ए दीर्घ असल्याने आघात प्रत्ययावर पडायला हवा. पण बोलण्यात हा ए ह्रस्व करण्याची रीत होती, आणि तिचा माग थेट व्हर्जिलच्या ‘एनिड’मध्ये लागतो, ‘उभे राहिले’ या अर्थाच्या ‘स्तेतेरुन्त्’मधला हा ए त्याने वृत्तात ह्रस्व धरला आहे. ए ह्रस्व झाला की आघात मागे अंगावर येतो, आणि इटालियन ‘दिस्सेरो’ नेमका या ह्रस्व रूपातून आला आहे. शब्दाचा भार सरकला की अंग बदलते, हे मराठी कानाला नवे नाही. ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘बहीण’चे ‘बहिणीला’ करताना आपण दीर्घ स्वर सोडून देतो तो असाच. वर्तमानकाळातल्या ‘मुओयो’ आणि ‘मोरियामो’ (मी मरतो, आम्ही मरतो) या जोडीतही हेच पाहिले होते.

आता इथे एक प्रामाणिक आक्षेप निघतो, आणि तो पोर्तुगीजच्या बाजूचा आहे. आघात सरकला म्हणून ‘दिस्स्’चे ‘दिच्’ कसे होईल? ध्वनिबदलाच्या वाटेने ‘दीक्सिस्ती’चे ‘दिस्सेस्ती’च व्हायला हवे होते, आणि पोर्तुगीजमध्ये तेच झाले. हे खरे आहे. आघाताने ‘दिच्’ घडवला नाही, त्याला वाट करून दिली. ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या ‘क्रेदेरे’सारख्या नियमित क्रियापदांत आघात कायम प्रत्ययावर असतो: क्रेदेस्ती, क्रेदेस्ते. ‘दीक्सिस्ती’तही आघात प्रत्ययावर आणि प्रत्यय जवळपास तोच, म्हणून बोलणाऱ्यांनी ही दोन घरे नियमित क्रियापदांच्या वळणावर पुन्हा बांधली आणि त्यात रोजचे साधे अंग बसवले. जिथे आघात अंगावर होता तिथे अशी बरोबरी करायला जागाच नव्हती, म्हणून जुने लॅटिन अंग तिथे टिकले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोघींनी जुने अंग सगळीकडे राखले. इटालियनने ते फक्त जिथे आघाताचा आधार होता तिथे राखले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘आम्ही’चे लॅटिन रूप ‘दीक्सिमुस्’. यात उपान्त्य अवयव हलका, आघात अंगावर. म्हणजे ‘आम्ही’ने ‘मी’च्या बाजूला जायला हवे होते, रूप ‘दिस्सिमो’ व्हायला हवे होते. ते झालेही, टस्कनीच्या लोकभाषेत अशी रूपे सापडतात. प्रमाणभाषेने मात्र ‘दिचेम्मो’ स्वीकारले. का? कारण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ही जोडी इटालियनमध्ये सहसा फुटत नाही. वर्तमानकाळात ‘बाहेर जाणे’चे रूप एस्को, एशी, एशे असे चालते, आणि ‘आम्ही’-‘तुम्ही’ मात्र हातात हात घालून उश्यामो, उशीते होतात. तीच ओढ भूतकाळात लागू झाली. पण याचा अर्थ असा की तोवर ही फाळणी निव्वळ आघाताची राहिली नव्हती. ती स्वतःच एक साचा झाली होती, आणि आघाताचा दाखला विरुद्ध असला तरी रूपे त्या साच्यात बसू लागली होती.

याचा पुरावा मला या साऱ्या व्याकरणातला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो. ‘स्तारे’ (असणे, थांबणे) या क्रियापदाची रूपे आहेत स्तेत्ती, स्तेस्ती, स्तेत्ते, स्तेम्मो, स्तेस्ते, स्तेत्तेरो. यातला ‘एत्त्’ लोकांना इतका आवडला की त्यांनी तो नियमित क्रियापदांना जोडायला सुरुवात केली. म्हणून ‘मी विश्वास ठेवला’ याला आज क्रेदेई आणि क्रेदेत्ती अशी दोन्ही रूपे चालतात. हा नवा ‘एत्त्’ सहाही घरांत पसरायला कसलीच आडकाठी नव्हती. तरी तो पसरला ‘मी’, ‘तो’, ‘ते’ या तीनच घरांत: क्रेदेत्ती, क्रेदेत्ते, क्रेदेत्तेरो. ‘तू’ क्रेदेस्तीच राहिला, ‘आम्ही’ क्रेदेम्मोच. आणि या रूपांत आघात अंगावर नाहीच, तो सगळीकडे प्रत्ययावर आहे! म्हणजे मूळ कारण नाहीसे झाल्यावरही साचा काम करत होता, आणि ज्या क्रियापदांना पुस्तके ‘नियमित’ म्हणतात त्यांनाही त्याने वळण लावले. ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ मार्टिन मेडन यांनी रोमान्स भाषांतल्या अशा साच्यांवर मोठे काम केले आहे. रूपांची अशी वाटणी अर्थाशी किंवा उच्चाराशी बांधलेली नसतानाही बोलणाऱ्यांच्या मनात खरीखुरी असते, हा त्यांचा मुद्दा या एका ‘एत्त्’वरून पटावा.

आता व्यवहाराचा प्रश्न, आणि तोही रास्त आहे. उत्तर इटलीत बोलताना हा काळ जवळजवळ कोणी वापरत नाही; सिसिलीत आज सकाळची गोष्टसुद्धा याच काळात सांगतील, पण मिलानमध्ये नाही. पुस्तकांत तो भरपूर भेटतो. चरित्रात माणूस जन्मला, जगला, त्याने लिहिले, हे सगळे नाक्वे, विस्से, स्क्रिस्से असेच येते. पण ती सारी ‘तो’ची रूपे. ‘दिचेस्ती’ हे ‘तू’चे रूप तर पुस्तकातही क्वचित. मग ते शिकायचे कशाला? कारण कोंजुन्तीवो इम्पेर्फेत्तो, म्हणजे ‘जर मी सांगितले तर’, ‘माझ्याजवळ वेळ असता तर’ यांसाठी लागणारे रूप, याच ‘तू’च्या अंगावर उभे आहे, आणि त्यावाचून मिलानमध्येही पान हलत नाही. दिचेस्ती तसे दिचेस्सी, फाचेस्ती तसे फाचेस्सी, आवेस्ती तसे आवेस्सी. गोव्याच्या वाचकांनी आपली पोर्तुगीजही पडताळून पाहावी. तिथे ‘तू’चे रूप दिस्सेस्ते, म्हणून कोंजुन्तीवो दिस्सेस्से. दोन भाषांनी दोन वेगळी अंगे निवडली, पण ‘तू’ आणि कोंजुन्तीवो यांची गाठ दोघींनीही सोडली नाही.

इथे इटालियन शिकवणारे म्हणतील की एवढा वळसा कशाला, अपूर्ण भूतकाळावरून हे रूप सरळ मिळते: दिचेवो, दिचेस्सी, फाचेवो, फाचेस्सी, बेवेवो, बेवेस्सी. बहुतेक ठिकाणी मिळते, आणि नवशिक्याला ती वाट सोपीही आहे. पण ती नेमकी तिथे दगा देते जिथे गरज सर्वांत जास्त, म्हणजे देणे, स्तारे आणि एस्सेरे या रोजच्या तीन क्रियापदांत. ‘देणे’चा अपूर्ण भूतकाळ दावो, ‘स्तारे’चा स्तावो, त्यावरून दास्सी, स्तास्सी होतील, आणि ही चूक खुद्द इटालियन माणसेही करतात. बरोबर रूपे देस्सी आणि स्तेस्सी. ‘तू’च्या वाटेने गेलात तर देस्तीवरून देस्सी, स्तेस्तीवरून स्तेस्सी अशी ती आपोआप हाती येतात. ‘एस्सेरे’चा अपूर्ण भूतकाळ तर एरो, त्यावरून काहीच निघत नाही. दूरचा भूतकाळ मात्र फुई, फोस्ती, फु, फुम्मो, फोस्ते, फुरोनो असा आहे. ‘आम्ही’चे फुम्मो इथे रेघ ओलांडून ‘मी’च्या बाजूला गेले आहे, पण कोंजुन्तीवो त्याच्या मागे गेला नाही. तो ‘तू’बरोबरच राहिला: फोस्ती, फोस्सी, आणि ‘आम्ही’लासुद्धा फोस्सिमो. म्हणून तक्ता पाठ करताना मी ‘तू’चे रूप धरा म्हणतो, ‘आम्ही’चे नव्हे. या वाटेवर अपवाद एकही नाही.

पोनेरे आणि त्राएरे ही जुनी क्रियारूपे आखडून पोर्रे आणि त्रार्रे झाली. त्यांचे ‘तू’ पोनेस्ती आणि त्राएस्ती. यांचे कोंजुन्तीवो वाचकांनी स्वतः करून पाहावे. तीच आखडण्याची क्रिया ‘वेर्रो’त आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात भविष्यकाळाची सुरुवात पोर्रेपासून करू.