तेलविहिरीवरील पहिला पंधरवडा

ज्या शहराला नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून पंपाने वर चढवून आणावे लागते, त्या इंदुरातील मुलांनी भर समुद्रात नोकरी करावी हे आमच्या वडीलधाऱ्यांना अजून चमत्कारिक वाटते. तथापि आपल्या समाजातील काही तरुण या मार्गाने गेले आहेत व पुढेही जातील. त्यांच्या घरच्या मंडळींना त्या जीवनाची यथार्थ कल्पना यावी, एवढ्याकरिता हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर पूर्वीचे ‘बॉम्बे हाय’, सांप्रतचे ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले; मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील समुद्र सुमारे ७५ मीटर खोल असल्याने विहीर खणणारी बहुतेक रिग तरंगत नाही. ती आपले लोखंडी पाय तळाशी रोवते व स्वतःस पाण्याच्या वर उचलून धरते. त्यामुळे जहाज लागते तसे तेथे सहसा लागत नाही. पावसाळ्यात मात्र लाटांच्या माऱ्याने पायाखालचे लोखंड थरथरते, आणि नवख्याची पहिली झोप त्यातच जाते.

जाण्यापूर्वी एक परीक्षा असते. हेलिकॉप्टरसारखी खोली माणसांसह तलावात उलटी बुडवतात. पट्टा सोडून, खिडकी चाचपून बाहेर यावे लागते. गोव्यात बेतुल येथे यासाठी २०२४ मध्ये मोठे केंद्र उघडले. शाळेच्या वयात पोहणे शिकलेल्या मुलास येथे धीर राहतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

इंदूरहून रात्रभर आगगाडी, मग जुहूचा विमानतळ. तेथे सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. काडेपेटी व लायटर काढून घेतात. वर पोहोचल्यावर खाटेचा क्रमांक मिळतो आणि जीवरक्षक नौकेचाही. दुसरा आधी पाठ करावा. काम बारा तासांचे, सामान्यतः चौदा दिवस सलग. प्रवासाने शिणलेल्या माणसाच्या वाट्यास त्याच संध्याकाळी रात्रपाळी येऊ शकते. तेव्हा गाडीत पत्ते न कुटता झोप घ्यावी. खोल्यांना बहुधा खिडक्या नसतात, म्हणून दिवसरात्रीचा हिशेब जेवणावरून ठेवावा लागतो. जेवण चांगले असते, पण शेवेची पुडी मात्र घरूनच न्यावी!

काम शिकताना नवख्यास प्रथम भेटतो तो चिखल. बेंटोनाइट, बराइट इत्यादी मिसळून केलेला हा चिखल नळातून खाली सोडतात. तो छिन्नीस थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या भाराने खालच्या वायूस दाबून धरतो. परत येणारा चिखल अकस्मात वाढला, तर विहीर उसळू पाहते आहे असे समजावे. म्हणून टाकीच्या पातळीवर नजर ठेवणे हे दिसायला कंटाळवाणे काम आम्हांस तेथील सर्वांत मोलाचे वाटते.

धोका लपविण्यात अर्थ नाही. २७ जुलै २००५ रोजी एक साहाय्यक जहाज खवळलेल्या समुद्रात मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर आदळले; आग भडकून २२ जण गेले, साडेतीनशेहून अधिक वाचले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली, तिच्यावरील अनेकांना जलसमाधी मिळाली. ती पायांवर उभी नव्हती, नांगरलेली होती; आणि तिच्यावर कंत्राटी कामगार फार होते. मुलाच्या पगाराचा आकडा विचारणाऱ्यांनी तो रिगवर राहणार की बार्जवर, नोकरी कायम की कंत्राटी, आणि वादळाचा इशारा आल्यावर माणसे किनाऱ्यास आणण्याचा निर्णय कोण घेतो, हेही विचारावे. पत्रिका जुळविण्याइतकेच हे अगत्याचे आहे.

उघड्या डेकवर मोबाइल नेता येत नाही, कारण ठिणगीचे भय. तेव्हा दोन दिवस फोन आला नाही म्हणून घाबरू नये. चौदा दिवसांनी तो घरी येईल. रात्रपाळी करून आला असेल, तर दोन दिवस त्यास दिवसा झोपू द्यावे. पाहुण्यांस तिसऱ्या दिवशी बोलवावे.